सौरभच्या पट्ट्यावरची माझी सही

मी, नागोराव सीताराम ओव्हाळ, वय ४९, धंदा नोकरी, राहणार खडकी, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. सोमवारी हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण तीन दिवस थांबून आणि आज सकाळची वंदना झाल्यावरच लिहायला बसलो.

१. राहती सदनिका स्वकष्टार्जित आहे. ती पत्नी मुक्ताई हिला. तिच्यानंतर मुलगा सौरभ व मुलगी दीक्षा यांना निम्मी निम्मी. घरावर मी राग काढत नाही.

२. विहाराच्या सभागृहात मी बावीस वर्षे कराटे शिकवतो. सभागृह विहाराचे, चटया, शिक्का आणि क्लासचे नाव माझे. आमच्याकडे काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत आधी चौकोनी कागदाची पेटी करावी लागते. घातलेली घडी उलगडली की त्या वर्षी नापास. हात ठरल्या जागी गेला पाहिजे, मग समोर कागद असो की माणसाची बरगडी.

३. २००३ च्या परीक्षेत सौरभने घडी उलगडली. दीक्षानेही. दीक्षाला मी नापास केले. सौरभच्या वेळी खिडकीबाहेर पाहिले आणि प्रमाणपत्रावर सही केली. माझ्यामागे क्लास मुलाने चालवावा, एवढेच डोक्यात होते. ही लबाडी माझी.

४. आता चिरंजीव हिंजवडीच्या कंपन्यांतून दोन महिन्यांत पट्टे वाटतात. विचारले तर म्हणाले, "अण्णा, त्या लोकांना डेडलाइन असतात. पेपर दुमडत कोण बसणार?" गेल्या महिन्यात त्यांच्या एका विद्यार्थिनीचे मनगट मोडले. पडायचे कसे, हे तिला शिकवलेच नव्हते. पट्टा मात्र दिला होता.

५. म्हणून चटया, शिक्का व क्लास दीक्षाला. तिने पुढच्याच वर्षी रीतसर परीक्षा देऊन पट्टा मिळवला. काल तिला सगळे खरे सांगितले. म्हणाली, "मला माहीत होतं, अण्णा. मी त्याच्या शेजारीच बसले होते." आणि मेथी निवडत राहिली.

६. सौरभच्या प्रमाणपत्रावरची माझी सही मी आजपासून रद्द करतो. त्याला पट्टा हवा असेल तर त्याने दीक्षासमोर बसून पेटी करावी. तो चुकला तर मुक्ताई मध्ये पडेल, "भाऊच आहे ना तुझा," म्हणेल. तेव्हा दीक्षाने आईला चहा करून द्यावा आणि भावाला नापास करावे.

वरील मजकूर वाचून, खाली दिलेल्या दोघांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत केली.

ठिकाण : खडकी, पुणे
दिनांक : १४ सप्टेंबर २००६

(सही) ना. सी. ओव्हाळ

साक्षीदार :
१. माधव भालेराव, कारखान्यातील सहकारी (सही)
२. तुळजाबाई रणपिसे, शेजारी (सही)