तिसरं कुठे होणार?

ती. मावशीस,

पोट आड येतंय, त्यामुळे साष्टांग जमणार नाही, उभ्यानेच नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (माझे विचारू नकोस, दोन महिन्यांत दिसलेले नाहीत.)

तू विचारलंस, तिसरं कुठे होणार? जन्मभर सुईणीचं काम केलेल्या बाईला काय सांगायचं, पण ऐक. पहिलं मोठ्या हॉस्पिटलात झालं. तिथे पाळी बदलली की सुईण बदलायची, आणि नवी आली की आधी बाळाचे ठोके मोजणाऱ्या यंत्राची विचारपूस करायची, मग माझी. पोटावरचा पट्टा घसरला की यंत्र बोंबलायचं आणि चौघी धावत यायच्या. मी बोंबलले तर, "अहो, हळू!" शेवटी पाणी हवं असलं की मी गुपचूप पट्टा सरकवायला लागले. त्या दिवशी पाच वेळा पाणी प्यायले.

दुसरं सुईणींच्या केंद्रात. पिवळे पडदे, कोमट पाण्याचा टब, आणि शेवटपर्यंत एकच सुईण, अगदी गोड. पण दर कळेला विचारायची, "बसायचंय? उभं राहायचंय? तुला काय हवंय?" एवढं तर लग्न ठरवतानाही मला कुणी विचारलं नव्हतं! मी ओरडले, "तुम्हीच ठरवा हो!" तेवढ्यात आमचे हे टबाशेजारी चक्कर येऊन आडवे झाले. खोलीतली एकुलती एक खाट त्यांना मिळाली.

आता यांच्या डोक्यात घरीच करायचं आलंय. व्हिडिओ बघून झाले, टेपने खोली मोजून झाली, सोफा गॅलरीत गेला (मी चहा आता सोफ्यासोबत गॅलरीतच पिते). मी मात्र सगळ्यांना बजावलंय, कुठेही होवो, आत नातेवाईक नको, सल्ला नको, पाठ चोळणारं तर मुळीच कुणी नको. तेव्हा तू निर्धास्त राहा.

तुझी भाची

ता. क. दुसऱ्या खेपेला नंतर रक्त फार गेलं होतं. रागावशील म्हणून तुला कळवलं नाही. त्यामुळे आताची सुईण म्हणते, घरी नाही, हॉस्पिटलातच. बरोबर आहे तिचं. पण मावशी, मला भीती वाटते गं.

आणखी एक. सोबत एकालाच आत घेतात. फॉर्मवर तुला न विचारता तुझं नाव घालून आलेय. यांना सांगितलं तर सुटल्यासारखे हसले. महिनाअखेरीला ये. आई असती तरी तुलाच बोलावलं असतं. (ती माझ्याआधी रडली असती.)