कार्मेलवरची कळलावी

१८ डिसेंबर १९५५, हैफा

घाण्याची करकर! कार्मेलच्या उतारावर ओकच्या दोन फांद्या वाऱ्याने घासत होत्या — आणि मी थेट रेवदंड्यात. परसात बाबांचा तेलाचा घाणा फिरतोय, आत माझी बायको मिरियाम दोन दिवस अडलेली. आई म्हणाली, कळलावीचा कंद आण, कंबरेला बांधला की सुटते. मी म्हणालो, "मास्तरच्या घरात असलं अडाणीपण चालायचं नाही."

शुक्रवारी शब्बाथचे दिवे लागायच्या आधी, रिवाजाप्रमाणे, घाणा थांबला. मिरियामही. पोर तेवढी वाचली.

त्या पोरीला, शुलामितला, आता नववा महिना लागलाय. आणि आज त्या ओकखाली, दगडांत — कळलावी! पाकळ्या तशाच मागे उलटलेल्या.

२० डिसेंबर

जावयाला सांगितलं. यिगाल जंगलखात्यात झाडं लावतो, इथलाच जन्म. हसला. म्हणे ही रकेफेत, इथलं रानफूल, शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. शुलामितला मी मराठीत विचारलं, तिने उत्तर हिब्रूत दिलं — नवऱ्याला कळावं म्हणून. "प्रत्येक गोष्ट रेवदंड्याची नसते, बाबा!"

२१ डिसेंबर

पुन्हा जाऊन पाहिली. कळलावी वेल; पानाच्या टोकाने झाडाला धरून चढते. ही वीतभर. ती पिवळी-तांबडी, ही गुलाबी. पान विड्याच्या पानासारखं, वर रुपेरी नक्षी. उत्तरेचा उतार, गार सावली, खडकाची फट. ती श्रावणातली, ही थंडीतली.

असेना. इथे येऊन आम्ही तरी कुठे तसेच राहिलो? खुजे झालो, फिके झालो. तीही झाली असेल.

२७ डिसेंबर

कंद खणून रुमालात बांधून शुलामितकडे नेला. यिगालने अंगणात भिरकावला. "विषारी आहे. मारायचंय का तिला?" मूल होईपर्यंत इकडे फिरकू नका म्हणाला. शुलामित खाली बघत बसली.

कंद उचलून आणला. खिडकीत ठेवलाय.

२ जानेवारी १९५६

खोटं कशाला लिहू? कळलावीचा कंद नांगरासारखा, दोन फाट्यांचा. हा चपटा, सुरणाच्या पिल्लासारखा. खणतानाच दिसलं होतं. तरी नेला.

तीस वर्षं मुलांकडून फुलांच्या कविता घोकून घेतल्या. त्या फुलांना रंग होते, वास होते. मूळ एकालाही नव्हतं.

यिगालचं बरोबर आहे. ही रकेफेत. पण त्याला सांगायला मी जाणार नाही.

४ जानेवारी

कुणी काही कळवत नाही.

शुक्रवार, ६ जानेवारी

दुपारी दार वाजलं. यिगाल! बूट चिखलाने भरलेले, डोळे तांबडे. शुलामित कालपासून दवाखान्यात अडलीय. डॉक्टर नुसते थांबा म्हणतात.

"तो कंद मागतेय. दुसरं काही बोलतच नाही. आणि म्हणते, गाठ बाबांनीच मारायची."

मी खिडकीतला कंद घेतला. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. त्या कंदाचं खरं नाव त्यानेच मला सांगितलेलं.

"हीच ना ती — कळलावी?" अडखळत म्हणाला.

"हीच," मी म्हणालो.

तो ट्रक वळवून आणतोय, तेवढ्यात हे लिहितोय. दिवे लागायला दोन तास आहेत.