बारा बटाटे आणि एक किल्ली

३ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या आयुष्याची नोंद राहायला हवी. प्रयोगशाळेत चार विकसनशील देशांतले प्रशिक्षणार्थी आलेत. अणुतंत्रज्ञान शांततेच्या कामाला कसं लावायचं ते मी शिकवणार. कोर्स संपला की एका प्रशिक्षकाला वर्षभर त्यांच्याकडे लॅब उभारायला पाठवतील. एकाला म्हणजे मला. नवी बॅग घेतली. बायको म्हणाली, बाजारात तुरी! दुर्लक्ष केलं.

९ मार्च
प्रात्यक्षिक. बटाट्यांना किरणांचा बेताचा डोस दिला की मोड येत नाहीत, महिनोन्‌महिने टिकतात. टोपली चेंबरमध्ये ठेवली. सेफ्टी मनावर ठसावी म्हणून किल्ली पॅनेलमधून काढून सगळ्यांसमोर खिशात टाकली. मग तासभर बोललो. काय रंगलो होतो! त्यांच्यातल्या उंच बाईंनी मध्येच हात वर केला. प्रश्न शेवटी, असं बजावलं. शेवटी वेळ उरला नाही.

१० मार्च
माझ्या हाताखालचा प्रशिक्षक, ज्युनिअर, दिवसभर चेंबरची किल्ली शोधत होता. माझ्याच खिशात. संध्याकाळी दिली. याला म्हणतात जबाबदारी.

११ मार्च
त्या टोपलीतले बारा बटाटे बॅगेत घातले. निवड समितीसमोर एकदम उघडणार. तोवर बघायचं नाही. विज्ञानावर श्रद्धा हवी.

२ एप्रिल
लॅब उंच बाईंच्या देशात होणार, म्हणून त्यांची भाषा शिकायचं ठरवलं. रोज दहा शब्द. आज दोन. डोकं दुखतंय.

५ एप्रिल
उंच बाई दुसऱ्यांदा केबिनपर्यंत आल्या. बटाट्यांबद्दलच काहीतरी. काय ही तळमळ! शेवटच्या दिवशी विचारा म्हटलं.

६ एप्रिल
त्या दिवशीचे दोन शब्द विसरलो. तिकडे गेल्यावर आपोआप येतील.

१२ मे
समितीसमोर, प्रशिक्षणार्थींच्या देखत, बॅग उघडली. बोटबोटभर मोड. एक तर चेनमध्ये अडकलेला. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. उंच बाईंनी विचारलं, आता शेवट आहे, तर विचारू का? किल्ली तुमच्या खिशात होती, मग चेंबर चालू कसं झालं?
किल्लीशिवाय ते चालू होत नाही. हे मीच शिकवतो.
ज्युनिअरने म्हणे प्रात्यक्षिकाच्याच आठवड्यात त्यांना प्रयोग पुन्हा करून दाखवला होता. त्याचे बटाटे अजून गुळगुळीत आहेत. जाणार तोच. फार वाईट वाटलं.

१३ मे
ज्युनिअर बॅग मागायला आला. दिली. बायकोने बटाटे कुंडीत लावले. ठरवलं, यापुढे आधी प्रश्न घ्यायचे, मग बोलायचं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग एक विचारू का?
म्हटलं, शेवटी.