आत्या ‘येते’ म्हणाली

तंजावूर, गुरुवार, ता. २० जानेवारी १९२१

प्रारंभीच क्षमा मागते. कोणाची, ते मला ठाऊक नाही. रोजनिशी लिहावी असे माझ्या हातून आजवर काही घडलेले नाही. मराठीच्या परीक्षेत पहिली आले, एवढेच. परंतु त्या पहिल्या येण्यानेच सारे घर उठून पुण्यास निघाले आहे; तेव्हा निदान त्याची नोंद ठेवणे मला भाग आहे. तेथील मुलींच्या शाळेत मला पुढे शिकावयास घेणार. अप्पांना त्यांच्या चुलत भावाच्या छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम. येथील घर विकले गेले. पुन्हा येणे नाही.

अप्पा सर्वांना सांगतात, “आम्ही देशी परत जातो आहोत.” आमच्या घराण्यातील कोणीही, आठवते तेव्हापासून, तो देश पाहिलेला नाही. ‘परत’ ह्या शब्दाविषयी मला शंका आहे. बोलून दाखविली नाही.

जेवताना अप्पांनी आत्याला विचारले, “अक्का, तू येणार ना?” आत्या ताक वाढीत होती. “येते,” म्हणाली. अप्पांनी मान हलविली. झाले.

आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. अप्पांच्या ह्या विधवा बहिणीनेच मला वाढविले. ती नसेल अशा घराची मला कल्पना करता येत नाही, आणि सुदैवाने आता करावयास नको.

रविवार, ता. २३

अप्पांचा हुकूम: निघेपर्यंत घरात तमिळ शब्द बंद. पुण्यास लोक हसतील. अडल्यास मला विचारावे. म्हणजे मी घरचा कोश. तिण्णै नव्हे, ओटा. ऊंजल नव्हे, झोपाळा. अप्पळम नव्हे, पापड.

आत्या: “हसू देत की. हसण्यानं कुणाचं काय झिजतं?”

ती प्रत्येक शब्दाला “बरं, पंडितीण” म्हणते आणि पुढल्या वाक्यात जुनाच शब्द योजते.

दुपारी अप्पा पानावर बसले असता त्यांच्याच तोंडून “पोदुम, पोदुम” निघून गेले. आत्या भात वाढीतच राहिली. पानावर डोंगर झाला. अप्पांनी वर पाहिले, तेव्हा अगदी गंभीरपणे म्हणते, “मला कुठं तमिळ कळतं, बाबा?” शेवटी “पुरे” म्हणाले, तेव्हा वाढणे थांबले. मी पदर तोंडात घालून परसात पळाले. तो सगळा भात अप्पांनी मुकाट्याने संपविला.

बुधवार, ता. २६

आज आत्याने कोशाला अडविले. “चेल्लम म्हणजे काय गे मराठीत?” मी म्हटले, लाडकी.

“लाडकी कुणाची तरी असते. चेल्लम नुसतं असतं.”

पुष्कळ विचार केला. अप्पांना कळविले नाही.

रविवार, ता. ३०

मारिअम्मनच्या दर्शनास जाऊन आलो. देवाचे नवस मागे ठेवून देश सोडू नये, म्हणून आत्या एकेक फेडीत सुटली आहे. आज अप्पांच्या तापाचा, अक्काच्या बाळंतपणाचा (माझी थोरली बहीण, पापनाशमला दिली आहे) आणि माझ्या परीक्षेचा, असे तीन फिटले. तळ्यात गूळ सोडताना ती देवीशी बराच वेळ बोलत होती. कोणत्या भाषेत, ते ऐकू आले नाही.

परत येताना जटक्याच्या घोडागाडीत विचारले, “आणि तुझ्या गुडघ्यांचा नवस?”

“तो राहू दे. गुडघे कुठं बरे झालेत अजून?”

तर्क बिनचूक आहे. फळ मिळाल्यावाचून नवस फेडण्याचे कारण नाही. तरीही वाटेत मला उगीचच गलबलून आले.

गुरुवार, ता. ३ फेब्रुवारी

“पुस्तक ठेव आणि इकडे ये.” हे वाक्य आत्या मला उद्देशून म्हणाली, ह्यावर क्षणभर विश्वास बसेना. आजवर मी स्वयंपाकघरात शिरले की “जा, वाच जा” म्हणून हाकलीत असे. शेजारच्या कामाक्षीमामी सदा तिला बोलतात, की तुम्ही ह्या मुलीला न्यायाधीश करणार की काय.

आज मिऱ्याचे सार शिकविले. चिंच किती, असे विचारले, तर “हाताला विचार.” माझ्या हाताला काहीच ठाऊक नव्हते. पहिले सार आत्याने तोंडात घेतले आणि बाहेर पाहत म्हणाली, “पुण्याला पाऊस बरा असतो का गे?” म्हणजे पातळ झाले. दुसरे जमले.

तू असताना मी कशाला शिकावयाचे, असे विचारले. “तिथली चूल कशी असेल कोण जाणे. दोघींनी मिळून फसवू तिला.”

‘दोघींनी’. हा शब्द मी झोपेपर्यंत जपून ठेवला.

रविवार, ता. ६

पुस्तके बांधली. डोके दुखले. आणखी काही नाही.

मंगळवार, ता. ८

तिरुवैयारूला कावेरीचा निरोप घ्यावयास गेलो. दोन्ही तीरांवर कापणी झालेली शेते, पाणी उथळ, पण स्वच्छ. आत्या गुडघाभर पाण्यात उभी राहून नेहमीचा श्लोक म्हणाली. गंगा, यमुना, गोदावरी, सगळ्यांना हाका मारून झाल्या, शेवटी कावेरी.

ओला पदर पिळीत म्हणाली, “इथं बाकीच्यांना लांबून बोलवायचं असतं. ही समोरच. तिथं हिलाही लांबूनच हाक मारायची.” मग हसली. “येईल म्हणा. माझा आवाज ओळखीचा आहे.”

अप्पा काठावर उभे होते. त्यांनी ऐकले की नाही, कळले नाही. परतीच्या वाटेवर ते पुण्यातील नद्यांविषयी सांगत होते आणि आत्या “हो का, हो का” म्हणत होती.

बुधवार, ता. ९

आज एक गोष्ट ध्यानात आली.

कामाक्षीमामी दुपारी येऊन बसल्या. आमचा झोपाळा त्या नेणार. त्याच्या कड्या पाहून गेल्या. उठताना नेहमीप्रमाणे “वरेन” म्हणाल्या. तमिळमध्ये तो शब्द ‘मी येते’ असाच आहे. ‘जाते’ म्हणणे अशुभ, म्हणून जाणारे माणूस ‘येते’ म्हणते. आमच्यात तरी निराळे काय? उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना मीही ‘येते’च म्हणते.

मामी ‘येते’ म्हणून गेल्या, आणि मी ओट्यावर उभीच राहिले.

अप्पांनी विचारले होते, तू येणार ना. ती म्हणाली, येते. आम्ही दोघांनी त्याचा एकच अर्थ घेतला. कोशात शब्दाला दोन अर्थ असले, की त्यांपुढे आकडे घालतात. आत्या आकडे घालीत नाही.

विचारावे काय? विचारले, तर माझ्याकडे पाहून ती ‘तुझ्याबरोबर येते’ असेच म्हणेल. मनात काहीही असो. माझ्या शिक्षणासाठी तिने आजवर काय काय सोडले, हे मी जाणते. कावेरीही सोडावयास लावू?

शनिवार, ता. १२

अपराध्यासारखी सारा वेळ तिच्या हालचाली पाहते आहे. आज आत्याने लोकरी शाल विकत आणविली. “पुण्याची थंडी वाईट म्हणतात.” मला केवढा आनंद झाला! संध्याकाळी तीच शाल तिने माझ्या खांद्यावर घालून लांबी पाहिली, आणि घडी करून माझ्या ट्रंकेवर ठेवली. ट्रंकेवर; ट्रंकेत नव्हे. ह्यावरून काय समजावे?

रविवार, ता. १३

भावोजी येऊन आत्याला पापनाशमला घेऊन गेले. अक्काकडे चार दिवस राहणार आणि आमची गाडी तेथे आली, की तिथेच चढणार. असे ठरले आहे. कोणी ठरविले, ते आठवू लागले, तर कोणीच नाही. आत्या बोलली आणि सर्वांनी मान डोलविली. तिचे तिकीट अप्पांनी काढून ठेवले आहे.

तिच्याजवळ एकच गाठोडे होते. चार दिवसांस तेवढे पुरते. पण तिला आयुष्यासही कधी अधिक लागले नाही.

जटक्यात बसण्यापूर्वी तिने माझी वेणी उगीचच पुन्हा घातली. सैल झाली नव्हती. “मिरे आधी, जिरं मग. विसरायचीस.” मग कामाक्षीमामींकडे पाहून, अप्पांकडे पाहून, माझ्याकडे पाहून, एकदाच म्हणाली, “येते.”

मराठीत पहिली आलेली मी, आणि मला ह्या शब्दाचा अर्थ सांगता येईना.

मंगळवार, ता. १५

सार केले. अप्पा जेवले. हात धुताना पाठमोरेच म्हणाले, “तिच्यासारखं झालंय.”

धीर करून विचारले. आयुष्यात अप्पांना मी प्रथमच असा सरळ प्रश्न केला असेल. “आत्या नक्की येणार ना?”

ते पुष्कळ वेळ टॉवेलाने बोटे पुसत राहिले. “येते म्हणाली ना.”

“अप्पा, जातानाही तसंच म्हणतात.”

“माहीत आहे,” म्हणाले. मग टॉवेल दोरीवर टाकीत: “त्या दिवशी ताक वाढताना तिचा हात थांबला होता. मी बघितलं. म्हणून दुसऱ्यांदा विचारलं नाही.”

आणि मग, स्वतःच केलेला हुकूम विसरून, लहान भावाने बोलावे तसे तमिळमध्येच काही पुटपुटले. ते मी येथे लिहीत नाही. ते त्यांचे आहे.

बुधवार, ता. १६

झोपाळा काढून नेला. छताला नुसत्या कड्या. मामींनी जाताना माझी अलाबला घेतली, बोटे कडकड वाजली. पुण्यास कोणी दृष्ट काढील ना, म्हणून विचारीत होत्या. मान हलविली.

भावोजी कलेक्टर कचेरीतील कामासाठी आले आहेत, मुक्काम येथेच. उद्या सकाळच्या गाडीने परत जातील. आमची गाडी उद्या संध्याकाळची. म्हणजे मधला एक दिवस आहे.

मला मनातले तोंडाने बोलता येत नाही. ते सर्वांना ठाऊक आहे. लिहिता येते.

गुरुवार, ता. १७

अक्का, ही वही भावोजींबरोबर पाठवीत आहे. ही माझ्यापुरती लिहिली होती. आता आत्याला वाचून दाखव. तिला बालबोध लिपी वाचता येत नाही, म्हणून तुला हा त्रास. जेथे मी फार पुस्तकी लिहिले असेल, तेथे आपल्या घरच्या बोलण्यात सांग. पोदुमची हकीगत अप्पांसमोर मात्र कधी वाचू नकोस.

आत्या, तू आलीस तर मला हवी आहेस. तू राहिलीस तर माझ्यावर रागावून राहिलीस असे मी समजणार नाही, आणि शाळाही सोडणार नाही. सोडली तर तूच मला घरात घेणार नाहीस. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांतली एक खोटी करून दुसरी तुला सोपी करून द्यावी, असे रात्रभर वाटले. पण तू मला तसे शिकविले नाहीस.

माझ्यासाठी येऊ नकोस. तुला यावयाचे असेल तर ये. राहावयाचे असेल, तर स्टेशनावर येऊन तसे सांग, म्हणजे मी तुला डोळे भरून पाहीन. फक्त तो शब्द वापरू नकोस. दुसरा कोणताही चालेल, तमिळही चालेल.

पापनाशमला गाडी फार वेळ थांबत नाही. मी फलाटाकडील खिडकीशी बसेन. डब्याचे दार उघडून धरावयाचे अप्पांनी आपणहून कबूल केले आहे.

भावोजी जटक्यात बसले आहेत. वही त्यांच्या हाती दिली: गुरुवार, ता. १७ फेब्रुवारी १९२१, सकाळी पावणेसात.