नाव देऊ की नको

बोईसर

उत्कर्षाताई, तुझ्या तापट भावाचा नमस्कार.

मी मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

काल हिनाच्या गावात सभा झाली. हिना म्हणजे तीच, जिच्याबद्दल फक्त तुला सांगितलंय. सरकारी साहेब म्हणाले, नव्या धोरणाने इथे वीस वर्षांत बॅटरीचे कारखाने येतील, त्यासाठी पोरापोरींना आत्तापासून शिकवणार. हिनाने लगेच हात वर केला.

तिचे वडील नवशाकाका होडीवाले. म्हणाले, "वीस वर्सांनंतरचं सांगतात, उद्या जाल्यात काय येल ते सांगा!"

माझं डोकं फिरलं. ओरडलो, "शिकू द्या की तिला!"

"मग तू का नाय शिकला?"

हिनाही उत्तरासाठी बघत राहिली.

त्या शिक्षणासाठी सोमवारपर्यंत नाव द्यायचंय. दिलं, तर पोरीमागे आला म्हणतील. नाही दिलं, तर ती पुढे जाईल, मी कारखान्यात रंगाची पिंपं ढकलतच राहीन. काय करू, ताई?

आईला मात्र मजेत आहे एवढंच सांग.

तुझाच,
विक्रम