वादळाला दिलेला आकडा

मोशी, १४ जुलै १९८१

प्रिय कस्तुरा,

तुझं पत्र मागच्या सोमवारी पोचलं. पुण्याला बदली मागू की कलकत्त्यालाच आणखी तीन वर्षं राहू, तीस तारखेच्या आत फॉर्मवर सही करायची आहे, दोन ओळीत कळव, असं लिहिलंस. आणि खाली स्वतःच उत्तर लिहून मोकळी झालीस, की आई, तू खंबीर आहेस हे मी मे महिन्यात डोळ्यांनी बघून आले, तेव्हा राहावंच म्हणते. मग विचारलंस कशाला? मला दोन ओळीत जमत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीची परीक्षासुद्धा दिलेली नाही. आंतर्देशीय पत्र पुरायचं नाही म्हणून वाण्याकडून मोठे कागद आणलेत आणि आज तिसरा दिवस लिहितेय. शेजारची सोजराबाई म्हणाली, अगं पोस्टमनला सांग, तो लिहून देईल घटकेत. मी म्हटलं, तो आणून टाकतो तेवढं पुष्कळ झालं.

इकडे पाऊस बरा आहे. इंद्रायणी भरून चाललीय. तांबडी कोंबडी खुडूक बसलीय, उठवायला गेलं की चोच मारते. सोजराबाई मला म्हणते, तुझ्यावरच गेलीय. भिमाजी सरपंचानं वस्तीवर नळ आणतो म्हणून तिसऱ्यांदा नारळ फोडला. चारचौघांत म्हटलं त्याला, सरपंच, नारळाचं पाणी प्यालो आम्ही, आता नळाचं कधी? तो हसला. पूर्वी मी असं बोलले की माणसं दोन दिवस धुसफुसायची. आता हसतात. बाई एकटी पडली की तिच्या तोंडाची धारसुद्धा जाते बहुतेक.

भोसरीच्या कंपनीचा साडेतीनचा भोंगा, वारा इकडचा असला की अजून ऐकू येतो. तुला आठवतं ना, बार्शीकडून आलो तेव्हा तू पाच वर्षांची होतीस आणि त्या भोंग्याला भिऊन माझ्या पदरात तोंड घालायचीस. मी सांगायची, भिऊ नको, आबा सुटले म्हणून ओरडतोय तो. मग तू भोंगा झाला की रस्त्यावर जाऊन सायकलची वाट बघत उभी राहायचीस. आबांना जाऊन सात महिने झाले. भोंगा झाला की मी अजून शेगडी पेटवते आणि दोन कप पाणी मोजून ठेवते. हात ऐकत नाही. दुसरा कप कधी सोजराबाईला हाक मारून देते. कधी नाही मारावीशी वाटत, मग मोरीत ओतते.

तू मे महिन्यातल्या त्या वादळाला आकडा दिलास, त्याबद्दल मला बोलायचं आहे. दोन महिने गिळून बसलेय.

तू त्या वेळी इथे नव्हतीस, म्हणून आधी काय झालं ते सांगते. सोमवारी दुपारी चार-साडेचारला चाकणच्या अंगानं आभाळ आलं. काळं नाही, जांभळं. वारा एकदम पडला, कोंबड्या न बोलावता आत आल्या. आणि त्या आभाळातून हत्तीच्या सोंडेसारखं खाली काहीतरी लोंबायला लागलं. वावटळी मी जन्मभर बघितल्यात, पण त्या जमिनीवरनं वर जातात. ही वरनं खाली आली. आवाज म्हणशील तर आबा सांगायचे तसा, कंपनीतला पत्रा दाबायचा मोठा प्रेस एकदा पडला की छातीत घुमतं, तसा. पण प्रेस पडतो, थांबतो, हा थांबेना. मी जात्याला मिठी मारून बसले. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. बाहेर आले तर भिमाजीची कांद्याची चाळ जागेवर नव्हती. चावडीपुढचा कडुनिंब मुळासकट आडवा. विजेचा लोखंडी खांब कोपरात वाकवल्यासारखा. आपल्या घराचे चार पत्रे गेले. सोजराबाईची म्हैस ओढ्यापलीकडे उभी, रवंथ करत, अंगावर ओरखडा नाही. सोजराबाई तिच्या गळ्यात पडून रडली. नवरा मुंबईहून आला तरी एवढी रडत नाही.

गुरुवारी ग्रामपंचायतीच्या फोनवर निरोप आला, की तुमची कस्तुरा रजेवर आलीय, पुण्याच्या हवामान ऑफिसातल्या साहेबांनी तुझंच गाव आहे तर तूच पाहणी कर म्हणून सांगितलंय, शनिवारी जीपनं येतेय. झालं. वस्तीला कमरेला पदर खोचायला तेवढं बस होतं. आपली पोर जीपमधून येणार, तिच्या साहेबांना कागद जाणार, आणि तिला काय उघडी घरं दाखवायची? भिमाजीनं माणसं लावली. कडुनिंब तोडून त्याची मोळी रचली. खांब बाजूला नेऊन पुरल्यासारखा ठेवला. शेतांतून पत्रे शोधून आणले, ठोकून सरळ केले, परत चढवले. बायकांनी काडी न् काडी वेचली. सडे घातले, सारवलं, रस्त्याला फक्की टाकली. शनिवारी सकाळी वस्ती लग्नघरासारखी दिसत होती. भिमाजी आबांची आठवण काढून म्हणाला, ज्योतीराम असता तर आज छाती फुगली असती त्याची.

आणि तू जीपमधून उतरलीस, टेप हातात, वही काखेत, गळ्यात कॅमेरा, आणि इकडंतिकडं बघत म्हणालीस, वादळ कुठंय? भिमाजीनं अभिमानानं सांगितलं, आवरलं की सगळं! तुझं तोंड असं उतरलं, की मला पाचवीतली कस्तुरा आठवली, पाटी पुसली गेल्यावरची.

मग कडुनिंबाच्या मोळीवर बसून तू आम्हाला समजावलंस. चिडली होतीस, पण समजावलंस चांगलं. म्हणालीस, असल्या वाऱ्याचा जोर मोजायचं यंत्र नसतं. असलं तरी वारा आधी त्यालाच घेऊन जातो. म्हणून वारा गेल्यावर काय मोडलं ते बघायचं आणि मागं हिशेब करायचा की एवढं मोडायला किती जोर लागला असेल. अमेरिकेत एका विद्वानानं त्याची पट्टी केलीय, दहा वर्षंही झाली नाहीत ती सगळीकडे जाऊन. फांद्या मोडल्या तर शून्य. पत्रे, कौलं उचकटली तर एक. सबंध छप्पर गेलं, भिंती राहिल्या तर दोन. छपराबरोबर भिंतीही गेल्या तर तीन. चांगलं बांधलेलं घर जमीनदोस्त झालं तर चार. आणि पाच म्हणजे पक्कं घर पायावरून पुसून नेलेलं, नुसता ओटा शिल्लक. सोजराबाईनं विचारलं, मग सहा? तू म्हणालीस, पट्टी बारापर्यंत आखलीय, पण पाचाच्या पुढं कुणी देत नाही. पाचानंतर ओळखायला काही उरतच नाही.

मी विचारलं होतं, वाऱ्याला शेवट असतो का गं? तू म्हणालीस, असतो आई. तासाला पाचशे किलोमीटरच्या आसपास, त्याच्यावर फारसा जात असेल असं जाणत्यांना वाटत नाही. ते ऐकून मला बरं वाटलं होतं. का ते तेव्हा कळलं नाही.

आणखी एक सांगितलंस. हाच वारा मोकळ्या माळावरनं गेला तर त्याला शून्यच मिळतं, कारण तिथं मोडायला काही नसतं. आणि भिंत मातीतली असेल तर ती पडली म्हणून आकडा चढवायचा नाही, सिमेंटातली असेल तर चढवायचा. हे मी नीट ध्यानात ठेवलंय.

मग तू टेप लावून फिरलीस, आम्ही तोंडानं सांगितलं ते अर्धं लिहिलंस, अर्धं नाही. भिमाजी चाळ किती लांब गेली ते हातवारे करून सांगत होता, तू म्हणालीस, काका, तुमच्या हातांचं नाही लिहिता येत. संध्याकाळी आपल्या घरामागं गोणपाटावर बसून चहा घेतलास. म्हणालीस, आई, मागचं अंगण छान केलंस गं, केवढं सपाट, शेणाचा वास किती दिवसांनी आला. आणि त्या अंगणात मांडीवर वही ठेवून तू वादळाचा आकडा लिहिलास. एक.

मी बघत होते. मी, जी भिमाजीला चारचौघांत बोलते, वाण्याच्या तराजूत बोट घालते, ती गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी तू माझीही पाहणी केलीस. मला कळत होतं ते. डबे उघडून बघितलेस, पीठ आहे, डाळ आहे. आबांची सायकल पुसलेली. माझं लुगडं धुतलेलं, केस विंचरलेले. जाताना सोजराबाईला हळूच म्हणालीस, आई खंबीर आहे हो, मला फार काळजी होती. तिनं जीप वळायच्या आत मला येऊन सांगितलं. ते डबे शुक्रवारी भरले होते बाई. त्याआधी आठ-आठ दिवस चहा आणि शिळी भाकरी. सायकल शुक्रवारी पुसली. केस शुक्रवारी विंचरले. वस्तीनं वस्ती आवरली, मी मला आवरलं.

आता ज्यासाठी कागद आणले ते लिहिते. घरामागं अंगण नव्हतं, कस्तुरा. ती खोली होती. आबांचे दिवस झाल्यावर तू परत गेलीस आणि त्यांनी जमवलेल्या विटा मागं तशाच पडल्या होत्या. मी सिमेंटच्या परमिटासाठी तालुक्याच्या कचेरीत तीन खेपा घातल्या, साहेबाशी भांडले, आणि बबनराव गवंड्याकडून खोली बांधून घेतली. तुझ्यासाठी. पुण्यात तुमचं एवढं मोठं ऑफिस आहे, बदली घेतलीस तर तुला बसायला, वाचायला जागा हवी. पूर्वेला मोठी खिडकी ठेवली, वळीव तिकडूनच येतो आणि तू लहानपणापासून आभाळाकडंच बघत जेवायचीस. चैत्रात पुरी झाली. तुला पत्रानं कळवलं नाही, तू येशील तेव्हा दार उघडून दाखवायची होती. त्या सोमवारी सोंड तिच्यावरनं गेली. भिंती, छप्पर, टेबल, काही नाही, नुसता ओटा. मी तीन दिवस विटा उचलल्या आणि शुक्रवारी त्यावर सारवलं, कारण तू वादळ बघायला येत होतीस आणि मला ते तुला दाखवायचं नव्हतं. खिडकीची चौकट वांग्याच्या वावरात मिळाली, एक काचसुद्धा तडकलेली नाही. ती माळ्यावर ठेवलीय. भिंत मातीतली नव्हती, सिमेंटातली होती, बबनरावला विचार. तेव्हा आधी तुझी वही दुरुस्त कर, मग फॉर्मवर काय करायचं ते ठरव. माझं म्हणशील तर पाच नाही, रडगाणं मला जमत नाही. माझं दोन धर. छप्पर गेलंय, भिंती उभ्या आहेत. पण एक नव्हतं ते, पोरी. बदली माग. आणि येण्याआधी दिवस कळवू नकोस, म्हणजे मला आवरायला वेळ मिळायचा नाही.

तुझीच,
या वेळी न सारवता लिहिणारी,
आई