स्टोअरकीपरचं वाक्य

चि. भावोजी,

अनेक आशीर्वाद. काल संध्याकाळी आमचा टीव्ही बंद पडला, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाईंचा खोकला थांबला का? पत्रात 'इकडे सर्व ठीक' लिहायची पद्धत आहे, पण तसं नाही.

तुम्ही दोघे भाऊ जिच्यावरून भांडलात ती ऑफिसची विनोदी मालिका अजून रोज दाखवतात. तिच्यात लोकांना एवढं काय दिसतं, हे मला पदवी घेऊनही कळत नव्हतं. दर भागात फाइल हरवते आणि साहेबांच्याच बुडाखाली सापडते. (पंखा पहिल्या भागापासून नादुरुस्त.) कोणी म्हातारं होत नाही, कोणी निवृत्त होत नाही, रुसलेली टायपिस्ट दुसऱ्या दिवशी जागेवर हजर. तुमचे बंधू निवृत्त होऊन घरी बसले तेव्हा मला त्यातली गोडी कळली. यांच्या ऑफिसातून आता कोणी फोनही करत नाही; त्या टीव्हीतल्या ऑफिससाठी मात्र हे रोज इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. (इस्त्री मी करते. वेडेपणा आहे, पण चुरगळलेला वेडेपणा मला चालत नाही.)

त्या दिवशी तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "दादा, तो साहेब म्हणजे हुबेहूब तू!" हे म्हणाले, "आणि तो कामचुकार स्टोअरकीपर तू!" वर्षानुवर्षं त्याची वाक्यं तुम्हीच शेजारी बसून हौसेनं म्हणायचात, तरी चपला घालून निघालात. दोघंही खरं बोललात, म्हणून दोघांनाही झोंबलं.

काल साहेबांचा आरडाओरडा ऐन रंगात आलेला असताना पडदा काळा झाला. मी म्हटलं, सुटले. तर हे पुढचा भाग स्वतःच म्हणू लागले, साहेब, टायपिस्ट, शिपाई, सगळ्यांचं, न अडखळता. "स्टोअरकीपर, फाइल कुठाय?" इथपर्यंत आले आणि गप्प. मला वाटलं, विसरले. विचारलं तर म्हणाले, "पुढचं माझं नाही." मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत थांबले, बराच वेळ. शेवटी शर्ट काढून घडी घातली आणि न जेवता झोपले. आज शर्ट मागितला नाही. दाढीही केली नाही.

तुम्ही यावं असा माझा मुळीच आग्रह नाही. तुमचं भांडण, तुम्ही बघा.

तुमची,
वहिनी

ता. क. ते वाक्य मलाही पाठ आहे, रोज स्वयंपाकघरातून ऐकते ना. सकाळी म्हणून बघितलं: "साहेब, आपण जरा उठता का?" हे निमूटपणे उठून आंघोळीला गेले.

पुन्हा ता. क. दुरुस्तीवाला म्हणतो, फक्त वायर सैल झाली होती, दोन मिनिटांचं काम. मी त्याला जोडू दिली नाही. तो तुमच्याच गल्लीत राहतो. त्याच्या हाती दिलं ते असं: हे पत्र, तुमचा इथे राहिलेला चष्मा, आमच्या दाराची जादा किल्ली आणि टीव्ही. टीव्ही तुम्ही स्वतः घेऊन यायचा.